परळ ते पुणे : दोन जीवनसत्त्वांचा जोडइतिहास

चार वर्षांपूर्वी चाळीसगाव स्टेशनच्या पुलावर माझ्या डाव्या पायातली चप्पल निसटली. मागच्या हमालाने हाक मारली तेव्हा मला ते कळले. मधुमेह जुना असल्याने घरातल्यांनी 'साखर नसांत उतरली' असेच धरून चालले. पण साखर तर आटोक्यात होती. धुळ्याच्या डॉक्टरांनी बी-१२ तपासायला लावले. आकडा आला १४०. दोनशेच्या खाली म्हणजे कमतरता. आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ. कळण्याची भाकरी, भरीत, वरणबट्टी यांत बी-१२ नसते; शाकाहाऱ्याला ते मिळते दूध-दह्यातून, आणि आमच्याकडे दूध चहापुरते. त्यात नऊ वर्षे मेटफॉर्मिनची गोळी.

इंजेक्शने सुरू झाली आणि जुन्या कागदांत रमणारा मी या जीवनसत्त्वाच्या मागे लागलो. शोधता शोधता लक्षात आले की, या इतिहासाची दोन महत्त्वाची पाने महाराष्ट्रातच लिहिली गेली आहेत.

पहिले पान परळचे. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरीब गरोदर बायकांना जीवघेणा पंडुरोग होत असे. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी थोड्या असत, पण आकाराने मोठ्या. हाफकिन संस्थेत काम करताना विल्सबाईंनी या बायकांचा आहार तपासला, तसाच निकृष्ट आहार आधी उंदरांना आणि मग माकडांना देऊन पाहिला. अखेर गुण आला तो मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कातला तो अज्ञात घटक पुढे 'विल्स फॅक्टर' म्हणून ओळखला गेला. १९४१ साली पालकाच्या पानांतून असाच एक पदार्थ वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून त्याचे नाव फॉलिक अ‍ॅसिड पडले.

बी-१२ शुद्ध स्वरूपात हाती आले १९४८ साली. पेशीचे दोन भाग होण्याआधी तिला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. या कामात ही दोन्ही जीवनसत्त्वे एकमेकांच्या आधाराने चालतात. एक कमी पडले की पेशी वाढते, पण दुभंगत नाही. म्हणून त्या मोठ्या रक्तपेशी. बी-१२ कडे आणखी एक काम असते, मज्जातंतूंवरचे आवरण राखण्याचे. ते फॉलिक अ‍ॅसिडला जमत नाही. चाळीसच्या दशकात बी-१२ च्या अभावाने आजारी असलेल्यांना नुसते फॉलिक अ‍ॅसिड दिले गेले, तेव्हा रक्त सुधारले, पण नसांची हानी चालूच राहिली. काहींची तर वाढली.

दुसरे पान पुण्याचे. १९९३ साली केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण पुण्याची बाळे दिसायला बारीक असली तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. २००८ साली पुढचा निष्कर्ष आला. सुमारे दोन तृतीयांश मातांत बी-१२ कमी होते, फोलेटची कमतरता मात्र जवळपास नव्हतीच. ज्या मातांत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले. अर्थात हा निरीक्षणाचा अभ्यास. सोबत दिसले म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. म्हणून २०१२ मध्ये त्याच मुलामुलींना, ती वयात आल्यावर, रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहण्याची चाचणी सुरू झाली.

मेटफॉर्मिन मधुमेहावर वापरल्याचे झां स्टेर्न यांनी पॅरिसमधून १९५७ साली कळवले. त्याने बी-१२ चे शोषण घटते, हे १९७० च्या आसपास लक्षात आले. २०१० साली नेदरलँड्समधल्या चाचणीत सव्वाचार वर्षांत रक्तातले बी-१२ १९ टक्क्यांनी घटलेले दिसले. म्हणून ती गोळी सोडायची नसते. बी-१२ वेळोवेळी मोजायचे असते.

यंदा आषाढात माझी लेक माहेरी आली, तिसरा महिना होता. तिच्या पर्समध्ये लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या होत्या.

"बाबा, तुमचं वाचून झालं असेल तर सांगा, या घेऊ की नको?"

"घ्यायच्याच. बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी त्या लागतात. पण डॉक्टरांना बी-१२ ही तपासायला सांग."

आकडा आला १६८. डॉक्टरांनी बी-१२ जोडून दिले. माझ्या पायांची बधिरता निम्मी गेली, निम्मी राहिली. उशिरा कळल्याची ती किंमत. लेकीचे वेळेत कळले. ती दह्याची वाटी आता रोज संपवते.