बंदरांतील कार्बन उत्सर्जन (खानदेशसंदर्भ)

धक्क्याला लागलेली जहाजे, यार्डातील क्रेन, टग आणि मालाची ने-आण करणारे ट्रेलर यांच्या इंधनातून होणारे उत्सर्जन. चोपडा तालुक्याला (जि. जळगाव) समुद्र नाही. पण येथील केळी परदेशी जातात ती मुख्यतः न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून (सुरुवात १९८९), म्हणून ही नोंद.

धोरण : केंद्र सरकारच्या ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वांनुसार (मे २०२३) दर टन मालामागचे उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ७० टक्के घटवायचे आहे. माप दर टनाचे आहे, एकूण धुराचे नव्हे; त्यामुळे माल वाढला, तर एकूण धूर वाढूही शकतो. न्हावा-शेवाची कंटेनर हाताळणी २०२३-२४ मधील सुमारे ६४ लाख टीईयूवरून (टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरइतके माप) पुढच्याच वर्षी सुमारे ७३ लाखांवर गेली.

उपाय : यार्डातील डिझेल क्रेन विजेवर आणणे, विजेवरील ट्रेलर, हरित टग (योजना २०२४). धक्क्यावरच्या जहाजाला किनाऱ्यावरून वीज दिली की त्याची सहायक इंजिने बंद ठेवता येतात. गोथेनबर्ग बंदराने हे २००० मध्येच केले. ही वीज भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या कोळशावरच्या केंद्रातून आली, तर धूर फक्त न्हावा-शेवाहून भुसावळला सरकतो.

केळी व रीफर (शीतकंटेनर) : जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. निर्यातीचा माल कच्चा कापतात. फण्या धुऊन खोक्यांत भरतात आणि १३-१४ अंश सेल्सिअसला रीफर कंटेनरमध्ये ठेवतात. याहून गार झाल्यास साल काळवंडते, उष्ण राहिल्यास माल वाटेतच पिकतो. त्यामुळे शीतयंत्र बंद ठेवून चालत नाही. रस्त्यावर ते डिझेल जनित्रावर, बंदरात प्लगवर, तर समुद्रात जहाजाच्या विजेवर चालते. ट्रेलर बंदराच्या दाराबाहेर जितका वेळ खोळंबतो, तितके जनित्राचे डिझेल जळते. चोपडा ते न्हावा-शेवा हे सुमारे चारशे किलोमीटरही डिझेलवरच कापले जातात. बंदराच्या आतले विद्युतीकरण स्वागतार्ह असले, तरी केळीच्या हिशेबात रस्त्यावरचे डिझेल मोजल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

वाढवण बंदर (जि. पालघर) : पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४. पर्यावरणीय परिणामांबाबत मतभेद आहेत.

रेल्वे : विजेवरील मालगाडीने रस्त्यावरचे डिझेल वाचू शकते. चोपड्याला रेल्वेस्थानक नाही. धरणगाव व अमळनेर ही जवळची स्थानके तापीपलीकडे, सुरत-भुसावळ मार्गावर आहेत.