हिवरगावच्या पवळाबाई

आपल्या जिल्ह्यातील एखाद्या कर्तबगार स्त्रीवर लिहावे, असे स्मरणिकेच्या संपादिका भगिनींनी सांगितले, तोवर अहिल्यादेवी व चांदबिबी ही नावे वाटून गेली होती. मी पवळाबाईंचे नाव घेतले. एकदोघींच्या भुवया वर गेल्या. मग तर लिहायलाच हवे!

पवळाबाई तबाजी भालेराव यांचा जन्म १८७० साली संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथे, महार कुटुंबात झाला. त्या काळी तमाशाच्या बोर्डावर स्त्री नसे. ढोलकी, हलगी, तुणतुणे पुरुषांच्या हाती. आणि लुगडे नेसून, चाळ बांधून नाचे तोही 'नाच्या पोऱ्या'च. स्त्रीचे रूप हवे, स्त्री मात्र नको, असा प्रकार. तेथे पवळाबाई उभ्या राहिल्या. तमाशातील पहिली स्त्री कलावंत म्हणून त्यांचेच नाव घेतात.

पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, घरचे कुलकर्णीपण टाकून फडात आलेले. त्यांच्या लावण्या पवळाबाईंच्या गळ्यातून लोकांच्या कानी गेल्या आणि ही जोडी मुंबईत गाजली. लावणीच्या शेवटी कवी आपले नाव गुंफतो. गाणारीला तशी जागा नसते.

१९२७ च्या महाड सत्याग्रहासाठी बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देऊ केले होते. महार स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा नको, असे म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी आठवण सांगतात. मला तो नकार रास्त वाटतो. ज्यांच्या अब्रूसाठी लढा, त्यांच्याच नाचावर तो कसा चालवावा? पण पवळाबाईंच्या मनाला काय वाटले असेल, हे कोणी लिहून ठेवले नाही. भाकरी त्याच बोर्डावरची, नावलौकिकही तेथलाच. गावाने नाचणारी म्हणून हिणवायचे, आणि आपल्या माणसांच्या लढ्यालाही आपली कमाई चालायची नाही! अशा वेळी बाईने कोणाकडे पाहावे? भगिनींनो, याचे उत्तर मला सुचत नाही.

१९३९ साली पवळाबाई हिवरगावीच वारल्या. पुढे याच संगमनेरात राहून कांताबाई सातारकरांनी स्वतःचा फड चालविला, वगात शिवाजी महाराजांची भूमिकाही केली. त्या २०२१ साली गेल्या. तोवर बाईने फडाची मालकीण होणे नवलाचे राहिले नव्हते.

संगमनेरहून पुण्याकडे निघाले की हिवरगाव पावसाचा टोलनाका लागतो. पुष्कळ जणींनी ते नाव तेवढ्या पाटीवरच वाचले असेल.