वेब फीड

वेब फीड ही संकेतस्थळावरील नव्या मजकुराची यादी ठरावीक संगणकीय स्वरूपात उपलब्ध करून देणारी धारिका होय. अनुदिनीवर (ब्लॉगवर) नवी नोंद किंवा पॉडकास्टचा नवा भाग प्रसिद्ध झाला की त्याचे शीर्षक, दुवा, दिनांक आणि सारांश किंवा संपूर्ण मजकूर या यादीत समाविष्ट होतो. वाचक किंवा श्रोता फीडचा पत्ता फीड वाचकात अथवा पॉडकास्ट ॲपमध्ये एकदा नोंदवतो. त्यानंतर ती आज्ञावली फीड वेळोवेळी तपासून नवा मजकूर त्याच्यापर्यंत आणते. या नोंदणीस 'सबस्क्राइब करणे' असे म्हणतात. बहुतेक फीड विनामूल्य असतात आणि त्यांसाठी नाव किंवा ईमेल पत्ता देण्याची आवश्यकता नसते.

इतिहास

आरएसएस या स्वरूपाची पहिली आवृत्ती मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीने प्रसिद्ध केली. ती रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी तयार केली होती. पुढे डेव्ह वायनर यांनी या स्वरूपाचा विस्तार केला. डिसेंबर २००० मधील ०.९२ आवृत्तीत फीडला ध्वनिफीत जोडण्याची सोय झाली, तर सप्टेंबर २००२ मध्ये आरएसएस २.० प्रसिद्ध झाले. ॲटम हे पर्यायी स्वरूप डिसेंबर २००५ मध्ये प्रमाणित झाले.

ध्वनिफीत जोडण्याच्या सोयीतूनच पॉडकास्ट हे माध्यम उभे राहिले. 'पॉडकास्ट' ही संज्ञा २००४ मध्ये रूढ होऊ लागली. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय दिल्यानंतर त्याचा प्रसार वाढला.

कार्यपद्धती

आरएसएस आणि ॲटम ही दोन्ही स्वरूपे एक्सएमएल भाषेत लिहिली जातात. प्रत्येक नोंदीस एक स्वतंत्र ओळखचिन्ह असते. कोणती नोंद नवी आणि कोणती आधी मिळालेली, हे फीड वाचक त्यावरून ठरवतो. ही ओळखचिन्हे बदलल्यास जुन्या नोंदी पुन्हा नव्या म्हणून दिसू शकतात. पॉडकास्टच्या फीडमध्ये प्रत्यक्ष ध्वनिफीत नसते. तिचा पत्ता, आकार आणि प्रकार एवढीच माहिती असते.

प्रकाशकाने करावयाची सोय

ब्लॉगर आणि वर्डप्रेस या प्रणाली फीड आपोआप तयार करतात. पानाच्या शीर्षभागात फीडचा पत्ता नमूद केलेला असल्यास वाचकाने संकेतस्थळाचा मुख्य पत्ता दिला तरी फीड वाचक योग्य फीड शोधून काढतो. फायरफॉक्सने डिसेंबर २०१८ मध्ये फीड वाचण्याची अंतर्गत सोय काढून टाकली. अशा न्याहाळकात फीडचा दुवा उघडल्यास अनेकदा केवळ सांकेतिक मजकूर दिसतो. म्हणून 'हा पत्ता फीड वाचकात चिकटवा' अशी सूचना दुव्याशेजारी देणे उपयुक्त ठरते.

पॉडकास्टच्या निर्मात्यास फीडचा पत्ता ॲपल पॉडकास्ट्ससारख्या निर्देशिकांत एकदाच नोंदवावा लागतो. पुढील भाग फीडमध्ये आले की निर्देशिकांतही दिसू लागतात. केवळ यूट्यूबवर प्रसारित होणाऱ्या गप्पांच्या कार्यक्रमांनाही पॉडकास्ट म्हटले जाते. मात्र त्यांची स्वतंत्र ध्वनिफीड नसल्यास ते सर्वसाधारण पॉडकास्ट ॲपमध्ये मिळत नाहीत.

मराठीतील वापर

युनिकोडमुळे देवनागरी मजकूर फीडमधून विनाअडथळा पाठवता येतो. फीडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद केल्यास निर्देशिकांना भाषेनुसार वर्गीकरण करणे सोपे जाते. 'मराठी ब्लॉग विश्व' या संकलकावर अनेक मराठी अनुदिनींवरील नव्या नोंदी एकत्र दिसत असत. २ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेल्या बीबीसी मराठीच्या बातम्यांचीही फीड आहे. मराठी विकिपीडियावरील 'अलीकडील बदल' आणि प्रत्येक लेखाचा इतिहास ॲटम फीडद्वारे पाहता येतो.

फीडद्वारे मिळालेला मजकूर प्रसारणाच्या वेळेशी बांधलेला नसतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांचे काम पाळ्यांमध्ये चालते. पुणे–नाशिक महामार्गाने भोसरी, मोशीमार्गे चाकणला जाणारा कामगार घरच्या वायफायवर पॉडकास्टचा भाग उतरवून घेऊन कंपनीच्या बसमध्ये इंटरनेटशिवाय ऐकू शकतो. रात्रपाळी करणाऱ्यासही तो भाग त्याच्या सवडीने मिळतो.

मध्यस्थ सेवा आणि सातत्य

फीड हे खुले स्वरूप असले तरी ती पोहोचवणाऱ्या सेवा बंद पडू शकतात. २००५ मध्ये सुरू झालेली गूगल रीडर ही सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली. गूगलने २००७ मध्ये विकत घेतलेल्या फीडबर्नरची ईमेलद्वारे नोंदी पाठवण्याची सोय २०२१ मध्ये संपली, तर गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झाले.

अशा वेळी वाचकास आपली फीडसूची ओपीएमएल धारिकेच्या रूपात दुसऱ्या ॲपमध्ये नेता येते. प्रकाशकाची अडचण अधिक गंभीर असते. वाचकांची नावे किंवा पत्ते त्याच्याकडे नसल्याने फीडचा पत्ता नाहीसा झाला, तर त्यांना नवा पत्ता कळवण्याचा मार्ग उरत नाही. त्यामुळे फीडचा पत्ता स्वतःच्या मालकीच्या डोमेनवर ठेवणे हितावह मानले जाते. सेवा बदलताना जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचे पुनर्निर्देशन करावे लागते. ते पुरेसा काळ चालू राहिल्यास ॲप नवा पत्ता स्वीकारतात आणि वाचक किंवा श्रोत्याला पुन्हा नोंदणी करावी लागत नाही.