खडपावरील गळ : होडीविना चाललेल्या मासेमारीचा इतिहास

आपल्या कोळी ज्ञातीचा इतिहास सांगावयाचा म्हटला की सांगणाऱ्याचे मन प्रथम होडीकडे धाव घेते. नारळी पौर्णिमेस रंगवून सजविलेली होडी, डोलीचे जाळे, शिडे आणि वल्ही, खोल समुद्रात काढलेल्या रात्री यांचे वर्णन आपणां ज्ञातिबांधवांच्या लेखनात विपुल आहे, आणि ते असावे यात शंका नाही. तथापि या लेखनात एक माणूस आम्हांस फारसा भेटत नाही. तो म्हणजे होडी नसलेला कोळी. आपल्या कोणत्याही कोळीवाड्यात सर्वच घरांच्या दारी होडी कधीच नव्हती. ज्यांच्याजवळ ती नव्हती त्यांपैकी काही दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जात. परंतु ज्यांचे वय झाले होते, ज्यांस खलाशी म्हणून कोणी घेत नव्हते, किंवा ज्यांची होडी वादळात गेली होती, ते खडपावर जात. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या गेल्या की होडीवालेही त्यांच्याच शेजारी येऊन उभे राहत. त्या खडपावरील माणसाविषयी या स्मरणिकेत चार पाने खर्ची घालावी असे आम्हांस वाटले.

खडप म्हणजे काय हे आपल्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. परंतु इमारतींत वाढलेल्या आपल्या मुलांसाठी थोडे सांगतो. आपला किनारा सह्याद्रीच्याच काळ्या पाषाणाचा आहे. हा पाषाण जेथे समुद्रात उतरतो तेथे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात त्याचे सपाट, भेगाळलेले, कालवांनी भरलेले पठार होते. वरळी, वांद्रे, दांडा, मढ येथे ते आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला अशाच खडकावर उभा असून ओहोटीस तेथे पायी जाता येते. मुंबईच्या किनाऱ्यास उधाणाच्या दिवसांत भरतीचे पाणी साडेचार मीटरांहूनही वर चढते, आणि ओहोटीस तितकेच दूर हटते. दक्षिणेस मालवणकडे ही चढउतार पुष्कळच कमी. म्हणून उत्तरेस ओढीच्या प्रवाहात डोल लावण्याची रीत वाढली, तर दक्षिणेच्या लांब पुळणींवर रापण ओढण्याची. गळ मात्र दोन्हीकडे होता. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे त्यास गरी म्हणतात आणि त्या कामास गरवणे.

हे साधन किती जुने असावे? मोहेंजोदडोच्या उत्खननात तांब्याचे गळ मिळाले आहेत, आणि लागलेला मासा सुटू नये म्हणून त्यांस आतून उलटा काटाही आहे. गुजरातेत लोथल येथेही गळ सापडले. भावनगर जिल्ह्यातील पादरी येथे तर हडप्पाकालीन असा एक तांब्याचा गळ मिळाला की त्याच्या आकाराकडे पाहून तो मोठ्याच माशासाठी केला असावा हे सहज ध्यानी येते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मोठा मासा गळाने धरण्याची कला चार हजार वर्षांहून जुनी आहे असे म्हणण्यास हा भक्कम आधार होय.

पुढे ग्रंथांत या कलेचा उल्लेख येतो तो मात्र राजाच्या करमणुकीच्या रूपाने. कल्याणीच्या चालुक्य वंशातील सोमेश्वर तिसरा याने इ. स. 1126 ते 1138 या काळात राज्य केले. त्याच्या मानसोल्लास या प्रचंड ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाणे, त्यांस चारा घालून लालचावणे आणि गळाने धरणे हा त्याचा विषय. प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या प्रकरणावर निबंध लिहून ते अभ्यासकांपुढे आणले. ते वाचताना आमच्या मनात एक शंका वारंवार येते. कोणत्या माशास कोणता चारा आवडतो हे राजास कोणी सांगितले? सिंहासनावर बसून ते कळत नाही. ज्यांनी सांगितले त्यांची नावे ग्रंथात असणे त्या काळी संभवनीयच नव्हते. पण त्यांचा धंदा आपला होता असे मानण्यास आमच्या मते हरकत नसावी. असो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. खडपावर जाणाऱ्यास पहिले ज्ञान लागे ते पाण्याच्या वेळेचे. भिंतीवर घड्याळ नसले तरी आपल्या पूर्वजांस तिथी ठाऊक असे, आणि तिथीवरून वेळ काढण्याची रीत अशी : तिथीच्या अंकास तीनांनी गुणावे व चारांनी भागावे, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता; आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दररोज भरती पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते, त्याचेच हे गणित. छापील कोष्टकाशी ताडून पाहिल्यास फरक पडतो, नाही असे नाही. पण खडपावर जाणाऱ्याचे त्याने अडत नसे.

अमावास्या-पौर्णिमेस उधाण आणि अष्टमीच्या आगेमागे भांग. भांगाला पाणी संथ व ओढ कमी, म्हणून जाणता माणूस मोठ्या माशाची आशा उधाणाच्या पाण्यावर धरी. भरती लागताच तो खडपाच्या टोकास जाई. जेथे लाट फुटून पांढरा फेस होतो त्या जागी गळ टाकी. याचे कारण नीट समजून घेण्याजोगे आहे. फुटणारी लाट भेगांतील खेकडे व कोळंबी उचकटून बाहेर टाकते, आणि बोईटासारखे लहान मासे त्या खळबळीत दिशाहीन होतात. मोठा मासा हे जाणतो व फेसाच्या आडून शिकार करतो. नवख्यास वाटते, मासा शांत खोल पाण्यात असेल. तो तर पायाखाली दहा हातांवर असतो.

चाऱ्यास जिवंत कोळंबी, बोईट, निवटी, म्हाकुलाचे तुकडे. हा चारा पुष्कळ वेळा घरच्या बायकाच जमवीत. ओहोटीस त्या कालवे फोडावयास खडपावर असत, आणि कोणत्या कपारीत काय आहे हे त्यांस पुरुषांहून अधिक ठाऊक असे. दोरी सुताची किंवा तागाची, टिकावी म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात मुरविलेली. तिच्या शेवटी शिसे, आणि गळाजवळचा हातभर भाग तारेचा. कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी धारदार असते आणि नुसती दोरी ती क्षणात कापते. काठी नव्हे, चक्र नव्हे. फळकुटावर गुंडाळलेली दोरी आणि उजव्या हाताची तर्जनी. सारे शहाणपण त्या एका बोटात. लहान मासा टोचतो, खेकडा ओढतो, मोठा मासा दोरी उचलून चालू लागतो. आमच्या पिढीने ज्या म्हाताऱ्यांस पाहिले त्यांच्या बोटाच्या पेरावर दोरीने पडलेली खाच मरेपर्यंत बुजली नव्हती.

मासा लागल्यावरचा प्रकार प्रत्येक जातीचा निराळा. जिताडा पाण्याबाहेर उसळी घेऊन डोके झाडतो. दोरी ढिली राहिली की गेला. हेकरू उसळत नाही, तो बिळात शिरतो आणि कल्ले फुगवून बसतो. त्यास पहिल्या दोन हातांतच वर ओढावे लागते, नाहीतर कालवांच्या धारेवर दोरी तुटते. तांबोशीचेही तसेच, पण तिची ताकद अधिक. रावस खडपापेक्षा पुळणीचा मासा. लाटांच्या मागील गढूळ पाण्यात तो हिंडतो आणि गळ्याखालील चार तंतूंनी भक्ष्य चाचपतो. त्यास दोरी सोडावी, दमवावी, आणि येणाऱ्या लाटेबरोबर वाळूवर आणावे. घोळ बहुधा होडीच्या जाळ्यातलीच. क्वचित ती गळास लागली तर त्या घराचा महिना निघे, कारण तिच्या पोटातील पोट्यास मांसाहूनही अधिक मोल असते. 2021 साली पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील एका होडीस दीडशेहून अधिक घोळी मिळून कोटीवर रुपये आल्याचे वृत्तपत्रांनी छापले, ते या पोट्यामुळेच. 2023 साली शेजारच्या गुजरात सरकारने घोळीस राज्यमत्स्याचा मान दिला.

जिताड्याविषयी आणखी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. गोव्यात यास चोणक म्हणतात. रायगडात खाऱ्या जमिनीच्या तळ्यांत तो हौसेने वाढविला जातो, आणि साहेबांच्या घरी जिताडा पोहोचला की अडलेला कागद हलतो, असा त्या भागातील जुना विनोद आहे. हा मासा जन्मतः नर असतो. तीन-चार वर्षांचा झाल्यावर त्या रूपाने तो प्रजोत्पादनास समर्थ होतो आणि पुढे काही वर्षांनी, वाढल्यावर, मादी बनतो. पावसाच्या आरंभी तो खाडीच्या मुखाशी येतो ते याच कार्यासाठी. रावसाचेही पुष्कळसे असेच आहे. हेकरूची गोष्ट नेमकी उलट. तेथे मादी वाढून नर होतो. आपले पूर्वज पावसाच्या तोंडावर खाडीमुखाशी जे मोठे जिताडे धरीत त्या बहुतेक माद्या होत. हे लपविण्यात अर्थ नाही. फरक इतकाच की खडपावर एक माणूस एका भरतीस एक दोरी टाकी, आणि चार दिवसांतून एखादा मासा आणी. 1960 नंतर नायलॉनची जाळी आणि यांत्रिक ट्रॉलर आले, आणि वर्षाच्या बाराही महिन्यांत लहानमोठे सारेच उपसले जाऊ लागले. त्यात आपल्याही ज्ञातीच्या होड्या होत्या. दोष केवळ परक्यांवर टाकून आम्हांस मोकळे होता येत नाही.

परंतु मासा कमी झाला तर तो पुन्हा येण्याची आशा असते. खडप गेले तर ते परत येत नाही. मुंबईची हकीकत याच दृष्टीने वाचावी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीची मोठी खिंड बांध घालून बंद केली गेली, तेव्हापासून भराव थांबलेला नाही. किनारी रस्त्यासाठी अलीकडे सुमारे 111 हेक्टर भराव झाला आणि 2024 च्या मार्चमध्ये त्याचा पहिला भाग खुला झाला. वरळीच्या आपल्या बांधवांनी नेटाने लढून होड्यांच्या वाटेवरील दोन खांबांमधील अंतर 60 मीटरांवरून 120 मीटर करून घेतले, याबद्दल त्यांचे अभिनंदन करावे तितके थोडे. मात्र एक गोष्ट ध्यानी घ्यावी. याच कामाच्या वेळी, 2020 साली, हाजी अली व वरळी येथील प्रवाळांच्या 18 वसाहती शास्त्रज्ञांनी उचलून अन्यत्र नेल्या, कारण 1972 च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळास संरक्षण आहे. होडीस वाट मिळाली, कारण होडीची नोंदणी असते. प्रवाळ मोजले गेले, कारण कायद्यात त्यांचे नाव आहे. त्याच खडकावर दोरी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाचे नाव कोठे होते? ती जागा सातबाऱ्यावर नाही, त्याच्याजवळ परवाना नाही, आणि त्याने कधी तो मागितलाही नाही. समुद्राच्या काठी उभे राहण्यास परवाना लागतो हे त्यास सुचलेच नसते.

उत्तरेस डहाणूजवळ वाढवण येथे बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. त्यासाठी समुद्रात 1448 हेक्टर भराव योजिला आहे. बंदर हवे की नको हा वाद येथे उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. त्यासाठी निराळी व्यासपीठे आहेत. परंतु किनारा नियमनाच्या 2011 च्या अधिसूचनेत मासेमारीच्या पाण्याच्या जागा व माशांच्या प्रजननाच्या जागा नकाशावर दाखवाव्यात असे सांगितले होते, आणि अशा जागा दाखविण्यास त्या ठाऊक असणारा माणूस लागतो. गेली काही वर्षे शहरांतून तरुण मंडळी परदेशी काठ्या व चक्रे घेऊन आपल्या खडपांवर येतात. मासा धरतात, छायाचित्र काढतात, पुष्कळदा सोडूनही देतात. आमच्या म्हाताऱ्यांस याचे हसू येते. पण खरे सांगावयाचे तर कोणत्या टोकावर कोणत्या पाण्यास तांबोशी लागते याची टिपणे त्या मुलांजवळ आहेत, यंत्रावर अक्षांश-रेखांशांसह आहेत. आपल्याजवळ ती चार वृद्धांच्या स्मरणात आहेत, आणि त्या स्मरणातील प्रत्येक कपारीस नाव आहे.

ती नावे लिहून घ्यावीत असे आम्ही योजिले आहे. माघ वद्य द्वितीयेस, दोनाची पाऊणपट दीड या हिशेबाने, दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती येईल. म्हणजे सकाळी साडेसातच्या आगेमागे पाणी अगदी खाली असेल आणि सारा खडप उघडा पडेल. ज्यांच्या घरी खडपावर गेलेले वडीलधारे आहेत, आणि कालवांस गेलेल्या आया-आज्या आहेत, त्यांनी त्यांस हात धरून त्या वेळी किनाऱ्यावर आणावे. वही आणि नकाशा आम्ही आणू.