खिशातील बुद्धिबळपटू

परवा खामगावी एका वृद्ध स्नेह्यांच्या ओसरीवर बसण्याचा योग आला असता त्यांच्या नातवाने मोबाइल पुढे करून ‘आजोबा, याला हरवून दाखवा’ असे आव्हान दिले. आजोबांनी सहाव्या-सातव्या खेळीस सवयीने आपला राजा घोड्याप्रमाणे अडीच घरे उडविला. यंत्राने तो मुकाट्याने मूळ घरी परत ठेविला. वऱ्हाडातील जुन्या देशी डावात राजास किल्लेकोट नसे, पण अशी एक उडी असे. प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर चाले, आणि प्यादेमातीचा मान निराळाच! यंत्रास यातले काहीच ठाऊक नाही. ते मोबाइलमध्ये आले कसे, आणि त्यास हे शिकविता येईल काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घोळत आहे.

1997 साली कास्पारॉव्हला हरविणारे ‘डीप ब्लू’ यंत्र सेकंदास सुमारे 20 कोटी स्थिती तपाशी. पुढे बाराच वर्षांनी, 2009 साली, ब्वेनोस आयरेस येथील स्पर्धेत ‘पॉकेट फ्रिट्झ 4’ने एका मोबाइलवर 10 डावांत साडेनऊ गुण मिळविले, त्याची तपासणी सेकंदास 20 हजार स्थितींच्या आतच होती. बळापेक्षा निवड श्रेष्ठ, हेच यातून दिसते.

परंतु ते विकत घ्यावयाचे यंत्र होते. खरी क्रांती ‘स्टॉकफिश’ने केली. नॉर्वेच्या टॉर्ड रोमस्टाड यांच्या ‘ग्लाउरुंग’वरून इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनी 2008 साली तो सिद्ध केला, नॉर्वेत उपजला व इटलीत शिजला म्हणून सुक्या माशाचे नाव! त्याची मूळ सूत्रे कोणासही पाहता व बदलता येतात. अट एवढीच की, बदललेले दुसऱ्यास देताना सूत्रेही द्यावीत. या अटीच्या भंगावरून जर्मनीतील चेसबेस कंपनीशी 2021 साली दावा झाला व पुढील वर्षी तडजोडीने मिटला.

ही सूत्रे मनुष्यास वाचता येणाऱ्या भाषेत असतात; मोबाइलचा प्रोसेसर केवळ आपल्या आज्ञा जाणतो. एकीचे दुसरीत रूपांतर करणे म्हणजे कंपाइल करणे. मेजावरच्या संगणकासाठी केलेले भाषांतर मोबाइलच्या ‘आर्म’ जातीच्या प्रोसेसरास कळत नाही. ते निराळे करावे लागते. येथे एक मौज आहे. पटाची घरे 64, आणि नव्या प्रोसेसरची एकेक संख्याही 64 बिटांची. एका घरास एक बिट दिले की सर्व प्यादी एका संख्येत मावतात. जुन्या 32 बिटांच्या मोबाइलवर त्यासाठी दोन संख्या जुळवाव्या लागत. 2020 साली जपानी शोगीच्या खेळातून घेतलेले न्यूरल जाळे आत आले, तेव्हा अनेक गुणाकार एकदम करणाऱ्या आज्ञाही निवडणे आले. शिवाय 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून ॲपने आपल्या साठ्यात मागाहून उतरविलेले यंत्र चालविण्यास मनाई झाली. ते मूळ ॲपमध्येच बांधून द्यावे लागू लागले.

असो. सूत्रे उघडी आहेत, तेव्हा देशी नियम घालून पुन्हा कंपाइल करण्यास आडकाठी नाही. ‘फेअरी-स्टॉकफिश’ नावाच्या शाखेत शोगी व सयामचा माक्रुकही आहे. 1814 साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा संस्कृतातील बुद्धिबळग्रंथ इंग्रजीत छापला गेला तो युरोपीय पद्धतीस जुळवून. आता उलट दिशेने जाता येईल.

आम्ही हे सांगताच नातवाने वही उघडली. पहिलाच प्रश्न निघाला : एकदा शह बसल्यावर राजाची उडी राहते की जाते? आजोबा म्हणाले, जाते. शेजारी बसलेले मेहकरचे गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे राहते. आम्ही निघालो तेव्हाही वाद चालूच होता, आणि वहीचे पान कोरे होते.