बोरघाटाचा उतार : रुळांनी शिकलेला आणि रस्त्याने न शिकलेला धडा

बोरघाटात ट्रकचे ब्रेक निकामी झाल्याची बातमी आली की सारा दोष चालकाच्या पदरात टाकून आपण मोकळे होतो. या धाग्यात चालकाला क्षणभर बाजूला ठेवून घाटाकडे पाहू. इथल्या मालवाहतुकीवर सत्तेची नजर शतकानुशतके आहे. पण ती नजर बहुधा मालावर आणि करावर होती, उतारावर नव्हती.

कार्ले आणि भाजे येथील लेणी ज्या व्यापारी मार्गाच्या आश्रयाने उभी राहिली, तो देशावरून कोकणातील बंदरांकडे उतरणारा मार्ग. लोहगड-विसापूर ही जोडी त्याच्यावर पहारा देत बसलेली. कंपनीचे सैन्य हजारो बैलांचे लटांबर घेऊन हाच घाट चढून आले आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांच्या कोंडीत सापडले. घाट म्हणजे सीमा, हा अर्थ मावळाला नवा नाही.

१० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटातील गाडीरस्ता खुला केला. तोवर बैलाच्या पाठीवरून आणि हमालाच्या डोक्यावरून जाणारा माल आता चाकांवर उतरू लागला. चाक आले की ब्रेकचा प्रश्न येतोच.

तो प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला १८६३ मध्ये, घाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा. चढण जवळपास सर्वत्र तीव्र, काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट. खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटी करणारे रिव्हर्सिंग स्टेशन होते. जानेवारी १८६९ मध्ये घाट उतरणारी मेल तिथे थांबू शकली नाही आणि हद्द ओलांडून पुढे गेली. हे स्टेशन १९२९ पर्यंत वापरात होते.

या घाटातील कॅच सायडिंगची व्यवस्था मला फार बोलकी वाटते. उतारावर ठरावीक ठिकाणी मुख्य मार्गाला फुटून चढावर जाणारा एक रूळ असतो आणि सांधा एरवी त्या रुळाकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबायचे, गाडी ताब्यात आहे हे शिट्टीने कळवायचे, मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो. न थांबलेली गाडी आपोआप चढावर जाऊन तिचा वेग मरतो. ब्रेक लागेल असे इथे गृहीतच धरलेले नाही. तो लागतो हे प्रत्येक गाडीने दर वेळी सिद्ध करायचे आहे.

मोटारींच्या कायद्याने वेगळी वाट धरली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परमिटची चौकट घातली. परराज्यात जायचे तर त्या राज्याची प्रतिस्वाक्षरी हवी. पुढे नॅशनल परमिट आले, २०१० मध्ये त्याची शुल्कपद्धती बदलली. हद्दीवरच्या नाक्यावर तपासले जायचे ते मुख्यतः कागद, कर आणि वजन. वजनाचेही कसे? जादा माल भरलेल्या ट्रककडून तडजोड शुल्क घेऊन त्याला त्याच भारासह पुढे सोडण्याची प्रथा अनेक राज्यांत रुळली होती. जादा टन ट्रकमध्येच, पैसे तिजोरीत! २००५ मध्ये परमजित भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे थांबवले आणि जादा माल उतरवल्याशिवाय वाहन पुढे जाऊ देऊ नये असे बजावले. २०१८ मध्ये केंद्राने मर्यादाच वाढवली : तीन आसांच्या ट्रकचे एकूण वजन २५ वरून २८.५ टनांवर गेले. उतार मात्र होता तेवढाच राहिला.

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि न्हावाशेव्याचे कंटेनर, दक्षिणेचे ट्रक, रसायनांचे टँकर एकाच घाटात आले. सपाट प्रदेशातून दिवसभर चालत आलेला चालक खंडाळ्याला पोहोचतो. डिझेल वाचवण्यासाठी गिअर न्यूट्रलमध्ये टाकतो. इंजिनाचा अटकाव संपतो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि पकड सुटते. डिझेलची बचत चालकाच्या मिळकतीत धरणारी कंत्राटे जोवर चालतात, तोवर याला केवळ बेदरकारपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. १३ जून २०२३ रोजी कुणे पुलाजवळ टँकर उलटून पेटला. चौघांचा मृत्यू झाला. जळते रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडले आणि तिथली माणसेही त्यात सापडली.

जुलै २०२४ पासून या मार्गावर कॅमेऱ्यांची नवी वाहतूक-व्यवस्थापन यंत्रणा चालू आहे. वेग आणि मार्गिका यांची नोंद होते, चलन मालकाच्या नावे जाते, मग तो कोणत्याही राज्याचा असो. हे उपयोगाचेच आहे. पण कॅमेऱ्याला ट्रक न्यूट्रलमध्ये आहे हे दिसत नाही, की लायनर किती तापले आहेत हेही कळत नाही.

उतारापूर्वी खंडाळ्याच्या माथ्यावर प्रत्येक अवजड वाहन थांबवावे, ब्रेक तपासावेत, मगच सोडावे, असे म्हटले की कोंडीचे कारण पुढे येते. कारण खोटे नाही. त्यासाठी जागा लागेल, माणसे लागतील, मालाला उशीर होईल. रेल्वेने हा उशीर वेळापत्रकातच धरला आहे. उतरताना ब्रेकसाठी थांबे, चढताना कर्जतला मागून इंजिने जोडण्यासाठी थांबा. कर्जतच्या बटाटेवड्याची कीर्ती याच थांब्यावर वाढली, आणि उशीर झाला म्हणून त्या थांब्याविरुद्ध कोणी मोर्चा काढल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.