उलट कोरले, म्हणून सुलट वाचले



गिरणी चालू होती तेव्हा आमच्या फोल्डिंग खात्यात ताग्याच्या टोकाला शिक्का मारीत. शिक्क्यावर गिरणीचे नाव उलटे कोरलेले, कापडावर मात्र सुलट उमटायचे. नवा लागलेला एक पोरगा म्हणाला, "मामा, शिक्का चुकलाय!" सगळे हसले. पण शिक्का चुकू शकतो, आणि त्यावरून पंडितांत वाद माजू शकतो, हे मला पुढे वाचताना कळले.

मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण हे गाव आहे. तिथले एक प्राचीन नाणे कनिंगहॅम साहेबांना मिळाले. त्यावर ब्राह्मी लिपीत 'राञो धमपालस' म्हणजे 'धर्मपाल राजाचे' असे लिहिले आहे, पण उजवीकडून डावीकडे! ब्यूलर नावाचे जर्मन पंडित (हे पूर्वी आपल्या मुंबईतच एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवीत) यांनी १८९५ साली ग्रंथ लिहून मांडले की, ब्राह्मी ही पश्चिम आशियातल्या लिपींवरून आली आणि आधी उजवीकडूनच लिहीत. हे नाणे त्यांचा एक पुरावा होता. दुसरे विद्वान म्हणाले, अहो, कारागिराने ठशावर अक्षरे सुलट कोरली, म्हणून नाण्यावर उलटी उठली. मला हेच पटते. ठसा कोरणाऱ्याची एका दिवसाची चूक असेल, तिच्यावर सबंध लिपीचे मूळ कसे ठरवायचे?

मात्र आंध्रात कर्नूल जिल्ह्यात येर्रगुडीला सम्राट अशोकाचा शिलालेख आहे, तिथे ठशाचा प्रश्नच नाही. दगडावर सरळ कोरलेले. तरीही त्यातल्या काही ओळी डावीकडून उजवीकडे आणि काही उजवीकडून डावीकडे जातात, शेतात नांगर वळावा तशा. ब्यूलर वारले १८९८ साली, हा लेख उजेडात आला त्यानंतर. लेखकाला उजवीकडून लिहिण्याच्या खरोष्ठी लिपीची सवय असावी, असे काही अभ्यासक सांगतात. खरोष्ठी वायव्येकडची. पण कर्नाटकात ब्रह्मगिरीला अशोकाचाच लेख चपड नावाच्या माणसाने लिहिला आणि शेवटी 'लिपिकराने' हा शब्द खरोष्ठीत घातला. म्हणजे ती लिपी जाणणारा माणूस दक्षिणेत होता. सम्राटाचा धम्म दगडावर उतरवणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

कारण पुढे असे फार थोडे उरले. वर्ष घातलेले जगातले सर्वांत जुने संपूर्ण छापील पुस्तक आपल्या धम्माचे आहे, चिनी भाषेतले वज्रच्छेदिका सूत्र, इ.स. ८६८ चे. चीनच्या तुन-हुआंग लेण्यांतून ऑरेल स्टाईनने ते १९०७ साली नेले, आता लंडनला आहे. पाच मीटरहून लांब गुंडाळी. अशी छपाई लाकडी ठोकळ्यांवरून होई. पातळ कागदावर मजकूर लिहायचा, तो ठोकळ्यावर पालथा चिकटवायचा, म्हणजे अक्षरे उलटी दिसतात. मग अक्षर ठेवून भोवतीचे लाकूड काढायचे. शेवटी लिहिले आहे की वांग जिए याने आईवडिलांप्रीत्यर्थ, सर्वांना फुकट वाटण्यासाठी हे केले. कोरणाऱ्याचे नाव मात्र नाही.

कोरियात हेइन्सा विहारात तेराव्या शतकातले ऐंशी हजारांहून अधिक ठोकळे आजही जपले आहेत. सगळा त्रिपिटक, उलट्या अक्षरांत!

आपल्या चळवळीची अक्षरेही अशीच उलटी होती. बाबासाहेबांचा 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ ला. पुढे भारतभूषण हा स्वतःचा छापखाना झाला. तेव्हा शिशाचे खिळे. खिळे जुळारी एकेक खिळा उचलून पट्टीत लावी, अक्षर उलटे आणि वर पालथे. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर, प्रत्येकाला वेगळा खिळा. ज्यांच्या बापजाद्यांना सुलट अक्षर शिकू दिले नाही, त्यांच्या हाती मजकूर जावा म्हणून तो आधी उलटा वाचायचा, तोही रात्रीच्या दिव्यात. अंकावर नाव संपादकाचे, मुद्रकाचे.

आपल्या वस्तीत कोणाचे वडील, आजोबा, चुलते छापखान्यात खिळे जुळवीत असतील, तर रविवारच्या वंदनेनंतर विहारात येऊन सांगावे. त्यांची नावे आपण वहीत लिहून ठेवू.